नानांचं अर्धं वाक्य

रविवारची दुपार आहे. जेवून मी डोळे मिटून पडलेय, पण झोप जवळ येते आणि परत फिरते. उद्या संध्याकाळपर्यंत दोन पत्रांपैकी एकाला हो कळवायचंय. एक पुण्याच्या संस्थेचं, एक इंग्लंडमधल्या विद्यापीठाचं. स्पीच थेरपीची पदवी झाली. पुढचं शिक्षण कुठं घ्यायचं एवढाच प्रश्न, आणि तो तीन आठवडे सुटत नाहीये. बाबा इंग्लंडच म्हणतात. तिथली यंत्रं, तिथली पद्धत, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. आई मी फोन हातात घेतला की नुसती माझ्याकडं बघते. मी कूस बदलते, उशी उलटी करते. स्वयंपाकघरात आई भांडी लावतेय. तो आवाज हळूहळू लांब जातो आणि त्यात कुणीतरी खाकरतं.

ते खाकरणं माझ्या ओळखीचं आहे. माइक सुरू करायच्या आधी नाना असेच खाकरायचे.

नाना म्हणजे माझे थोरले काका. कराडच्या एसटी स्टँडवर सव्वीस वर्षं ते गाड्यांच्या घोषणा करत होते. बायका म्हणायच्या, नानांनी गाडी पुकारली की चुकत नाही. निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द ओठांपाशी येऊन अडायचा. मी तेव्हा बारावीत होते. पुढं हे शिक्षण घ्यायचं ठरवलं ते त्यांच्यामुळंच. चार वर्षांपूर्वी ते गेले.

आणि आता ते घोषणेच्या खोलीत बसलेत, इस्त्रीचा सदरा घालून. काचेबाहेर स्टँडवर एकही माणूस नाही. बाकांवर नुसत्या पिशव्या ठेवल्यात, जागा धरायला ठेवतात तशा.

"पाटणमार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे," नाना म्हणतात. एकही अक्षर अडखळत नाही.

मला रडू येतं. मी त्यांना सांगते की तुमचा आवाज परत आला. ते मान हलवतात, जणू तो कधी गेलाच नव्हता. मग मी घाईघाईनं पुण्याचं सांगते, इंग्लंडचं सांगते, बाबांचं सांगते. सांगता सांगता बाहेरच्या गाड्या सुरू होतात आणि मला धास्ती वाटते की माझी सुटेल.

"नाना, मी कुठं जाऊ? तुम्ही सांगा."

"वैजू, गाडी कुठं लागलीय ते मी सांगायचो," ते म्हणतात. "कुणी कुठं जायचं, ते मी सव्वीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही."

मी रागानं दार उघडते. बाहेर स्टँड नाही. लांबलचक पांढरी खोली आहे, उंच खिडक्यांतून राखाडी उजेड येतोय, कुठंच पायांचा आवाज होत नाही. हे इंग्लंड आहे हे मला न सांगता कळतं. माझ्या हातात चित्रांची कार्डं आहेत आणि समोरच्या लहानशा खुर्चीत नानाच बसलेत, गुडघे छातीशी आलेले. मी एक कार्ड धरते. बर्फाचा माणूस. हे काय आहे, असं इंग्रजीत विचारते. नाना आधी चित्राकडं बघतात, मग माझ्याकडं.

"तुला इथं बरं वाटतं का गं?" ते विचारतात.

मी खरं ते सांगते. वाटतं. इथल्या पेशंटचा पुढचा शब्द मला आधीच सुचत नाही, म्हणून मी शांत बसते. इथं मी चांगली थेरपिस्ट आहे. आणि इथं तुम्ही नाही.

"मग हा कोण बसलाय?"

कार्डं माझ्या हातातून निसटतात. ती उचलायला मी वाकते, तर खाली आमच्या कराडच्या घराची शहाबादी फरशी आहे. मी मान वर करते. नाना पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीत आहेत, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, ओठ एका बाजूला ओढलेले. सदऱ्याची इस्त्री गेलीय. ही कुठली दुपार आहे ते मी ओळखते आणि मला तिथून पळावंसं वाटतं.

त्या दुपारी ते "मला च" एवढंच म्हणाले होते. मी लगेच चहा आणला. त्यांनी मान हलवली. मी चष्मा आणला, मग चादर, मग चपला. प्रत्येक वेळी ते पुन्हा "च" म्हणायला तोंड उघडायचे आणि त्याआधीच मी नवा शब्द पुढं करायचे. मला वाटत होतं मी मदत करतेय. शेवटी त्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर माझ्याशी बोलायचा प्रयत्न त्यांनी कधीच केला नाही. काय हवं होतं ते मला आजही माहीत नाही. हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

"नाना, मी तुम्हाला बोलूच दिलं नाही," मी म्हणते.

ते माझ्याकडं बघतात. ओठ जुळवतात.

"मला च..."

माझ्या तोंडात शब्दांची गर्दी होते. चहा, चावी, चटई, चल, चालायचंय. एक तर नक्की बरोबर असेल. नानांच्या कपाळाची शीर फुगते, मान थरथरते, घड्याळ चालतच राहतं. मी तोंड घट्ट मिटते, जीभ दातांखाली धरते आणि दाबते. दुखतं, तरी सोडत नाही.

"मला चा..."

इतके पुढं ते त्या दुपारी आलेच नव्हते. मी अजून थांबते. त्यांचा श्वास वर चढतो, ओठ उघडतात...

आई मला हलवतेय. साडेचार वाजलेत. झोपेत कण्हत होतीस, म्हणते. मी उठून बसते. नाना काय म्हणणार होते ते गेलंच.

मी आईला सांगते की पुण्याला हो कळवतेय. बाबांना काय सांगायचं, असं ती विचारते. इंग्रजीत मला थांबता येतं, कारण पुढचा शब्द माहीतच नसतो, मी म्हणते. मराठीत माहीत असतो, आणि तिथं मला थांबता येत नाही. मला ते शिकायचंय. तिला किती कळलं कुणास ठाऊक. ती माझ्या तोंडाकडं बघत असते.

"वैजू, रक्त येतंय."

मी बोट लावून बघते. जिभेच्या कडेला दातांच्या दोन खोल खुणा आहेत, आणि उशीच्या अभ्र्यावर टिकलीएवढा लाल डाग, अजून ओला.