बायोडेटातला खोली नंबर

माझ्या लग्नाच्या बायोडेटात जन्मवेळ, रास आणि गोत्र यांच्या खाली आईने एक लिंक टाकली होती, हे मला सगळ्यात शेवटी कळलं. लिंक होती आमच्या विद्यापीठाच्या डिरेक्टरीची. २०१४ चा सुमार. मी ऑकलंडला पीएचडी करत होते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतही होते, म्हणून वेबसाइटवर माझं एक पान होतं: फोटो, इमारत, खोली नंबर, टेबलावरचा फोन, माझ्या तासांचं वेळापत्रक आणि मुलांनी शंका विचारायला यायच्या वेळा. लॉगिनबिगिन काही नाही, जगात कुणीही उघडून बघावं.

"अगं, परदेशातली मुलगी म्हटलं की लोक विचारतात, खरंच शिकते ना? हल्ली किती फसवाफसवी चालते! म्हटलं, बघा आणि खात्री करून घ्या," आई पुण्याहून फोनवर म्हणाली. तिच्या आवाजात इतका अभिमान होता की माझं ओरडायचंच राहून गेलं. एरवी राग माझ्या नाकावर असतो.

त्या बायोडेटावरून एक स्थळ आलं. मुलगा मुंबईचा, नोकरी इथेच न्यूझीलंडमध्ये, टौरंगाला, बंदरावर इंजिनियर. आम्ही एकदा कॉफीला भेटलो. मला नाही पटला, मी तसं नीट सांगितलं. विषय संपला असं मला वाटलं.

पुढच्या बुधवारी दोन वाजता तो माझ्या खोलीबाहेरच्या खुर्चीत बसलेला! हातात त्याच्या आईने पाठवलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा. "आता तुझे ऑफिस अवर्स ना?" तीन तास गाडी मारत आला होता. मी पुन्हा नाही म्हटलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसला आणि तासभर हसत राहिला. मग टेबलावरचा फोन सुरू झाला. "संपला ना क्लास? दमली असशील." माझं वेळापत्रक माझ्यापेक्षा त्याला पाठ होतं.

मी घाबरले होते. उगाच शूरपणा कशाला सांगू? जिन्यावर पावलं वाजली की मी दाराला आतून कडी लावायचे. प्रबंधाचं एक पान पुढे सरकेना. आणि आई म्हणते, "एवढ्या लांबून येतो बिचारा, चहा तरी विचारायचास." तेव्हा मात्र मी राहून गेलेलं सगळं ओरडून घेतलं.

खाली रिसेप्शनवर एक गोऱ्या बाई बसायच्या. त्यांना सांगितलं, तर हसून म्हणाल्या, "भलताच कीन दिसतोय! स्वीट अ‍ॅज." म्हणजे त्यांच्या बोलीत 'एकदम मस्त'. अगं बाई, स्वीट कसलं डोंबलाचं! माझी खोली आणि वेळा पानावरून काढा, असा मी विद्यापीठाकडे अर्ज केला. उत्तर आलं की शिक्षक मुलांना सापडले पाहिजेत, म्हणून पान सगळ्यांना खुलं असतं. अपवाद हवा तर पोलिसांचं पत्र आणा. तळपायाची आग मस्तकात गेली. माझी खोली कुणाला सांगायची हे ठरवायला मला पोलीस लागावेत? बरं, मुलांना लॉगिन असतंच की! आता मला अपवाद नकोच होता, नियमच बदलायला हवा होता. मी चंगच बांधला.

विद्यापीठाच्या प्रायव्हसी ऑफिसरने मला वेबसाइटच्या कमिटीपुढे दहा मिनिटं मिळवून दिली. दहा मिनिटांत रडगाणं गाऊन काय होणार? त्यापेक्षा मी आपल्या लोकांना सगळ्यात चांगलं जमतं ते केलं. चौकशी. कमिटीचे अध्यक्ष एक प्राध्यापक होते. दुपारभर बसून मी त्यांचा लग्नाचा बायोडेटा बनवला, फक्त वेबसाइटवरून.

मीटिंगमध्ये उभी राहिले आणि वाचायला लागले. वर्ण: गोरा, फोटोवरून. खोली चौथ्या मजल्यावर, डावीकडून तिसरी. सोमवारी दहा ते अकरा एकटे असतात. छंद: पोहणे. मंगळवारी बाराला टॉग्जची, म्हणजे पोहायच्या कपड्यांची, पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडतात. सायकल लाल, ग्रंथालयामागे लावतात, पाचला घेतात. पिशवी आणि सायकल त्यांच्याच विभागाच्या वेबसाइटवरच्या बातमीपत्रात फोटोसकट होती.

पोहण्यापर्यंत सगळे हसत होते, अध्यक्षही. सायकलपाशी त्यांचं हसू गेलं.

"हे तू कुणाकुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही, सर. माझा बायोडेटा मात्र किती घरांत पोचलाय, मला माहीत नाही. त्यातला एकजण माझ्या दारात येऊन बसतो."

टेबलाच्या टोकाची एक बाई म्हणाली, "माझ्याकडेही एकजण यायचा." मला वाटलं होतं मी एकटीच!

ठराव झाला. सगळ्यांच्याच खोल्या, फोन, फोटो आणि वेळा लॉगिनच्या आत. बाहेर दिसेल ते ज्याचं त्याने निवडायचं. मला दुसऱ्या मजल्यावर नवी खोली मिळाली. जिंकले होते हो मी! ऐन थंडीत डेअरीतून दोन आईस्क्रीम घेतली आणि दोन्ही मीच खाल्ली. आईनेही लिंक काढली, आणि मुलाच्या आईला फोन करून "आमचा नकार आहे" असं स्वच्छ सांगितलं. सॉरी म्हणाली नाही, पण मला पोचलं.

तरी तो आलाच. मी जिना उतरत होते तेव्हा रिसेप्शनवर वाकून माझी खोली विचारत होता. त्याच बाई, पण आता हसत नव्हत्या. "सॉरी, ते आम्ही सांगत नाही." मला मागे वळता आलं असतं. त्याने मला पाहिलंही नव्हतं. मी खाली उतरले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

तो दचकला. "अगं, तुझं पानच दिसेना. मला वाटलं, परत गेलीस की काय."

"मी इथेच आहे," मी म्हटलं. "कुठे बसते, ते ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलंय. तुम्ही त्यांच्यात नाही."