सुलभाच्या नावाने फिरणारी धून

सुलभाच्या फोटोखाली जी धून फिरते आहे, ती कृपया पुढे पाठवू नका.

त्या धुनेपायीच ती गेली.

एवढ्यासाठी लिहिते आहे. एरवी मी अशा पोस्ट लिहीत नाही.

सुलभा माझी कॉलेजची मैत्रीण. नगरला हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत राहायचो. लग्न होऊन ती कोल्हारला गेली, मी देवळालीला. कोल्हारचं बायकांचं भजनी मंडळ तिने उभं केलं. कुणाचा सूर चुकला की तोंडावर सांगायची.

तिच्या हृदयातली एक झडप बदललेली होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज. जन्मभर.

मग गाण्यांच्या ॲपवर ही धून आली.

आधी बासरी. मग एक भारदस्त आवाज सांगतो की रोज ऐका. हृदय, शुगर, थायरॉईड, सगळं आपोआप बरं होईल. मात्र तोवर औषध पोटात जाता कामा नये, नाहीतर गुण येणार नाही.

दुसऱ्या कुणी ऐकून सोडून दिलं असतं. आमच्या बायकांनी त्याचा नेम धरला.

दुपारी सुलभाच्या घरी स्पीकर, उदबत्ती, प्रसाद. शेवटी उद्यापन.

आणि धरलेला नेम मोडायचा नसतो.

कळलं तेव्हा मी तिला फोनवर चांगलं झापलं. ती हसली. तू बॉटनीवाली, डॉक्टर कधीपासून झालीस, म्हणाली.

"उद्यापन झालं की घेते गं. देव काय एवढ्यात उचलतोय मला?"

झडपेवर गुठळी धरली. नगरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

तिचा मुलगा अमोल पुण्यात असतो. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आईची आवडती धून म्हणून त्यानेच लिंक टाकली. मी सांगितल्यावर लगेच काढली. तोवर किती ग्रुपवर गेली कोण जाणे.

ॲपवर तक्रार केली. धन्यवाद, असं उत्तर आलं. धून तिथेच आहे.

आज प्रवरेवर दहावा झाला. घरी परतल्यावर मंडळातल्या बेबीताई हळूच म्हणाल्या,

"आमच्याबी गोळ्या तिच्या देवापुढंच हायेत. माझ्या अन् लताच्या. नेम चालूच हाय ना."

मी देवघरात गेले. तीन डब्या. कुंकू लावलेल्या.

बेबीताई हात पुढे करेनात. सुलभा अर्ध्यावर गेली, आता आपण मोडला तर तिला गती मिळायची न्हाई, असं त्यांचं म्हणणं. लता खाली मान घालून बसलेली. गोळ्या सोडल्या तर डोळे जातील, किडनी जाईल, सगळं सांगून पाहिलं. काही उपयोग नाही.

शेवटी म्हटलं, "नेम मी मोडते. पाप माझ्या माथी. धरा."

तेव्हा हात पुढे आले.

उद्या दोघींना डॉक्टरकडे मी स्वतः नेणार आहे.

सुलभे, तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तरी हा शेवटचा नमस्कार.

दिलं ते असं. शुगरच्या गोळ्यांची डबी बेबीताईंना. थायरॉईडची लताला.

तिसरी अमोलला. ती भरलेली होती.