लवॉनने स्वतःचं म्यान कापलं

लवॉन माझी सख्खी धाकटी बहीण. चार वर्षांनी लहान, उंचीला माझ्या खांद्याला लागते, आणि पूर्व ओक्लाहोमात तिच्या हातासारखं पिस्तुलाचं कातडी म्यान शिवणारा दुसरा माणूस नाही. हे मी भाऊ आहे म्हणून सांगत नाही. भाऊ नसतो तरी सांगितलं असतं, फक्त जरा हळू आवाजात.

मी व्हर्जिल. शाळा नववीत सोडली आणि वेल्डिंगचं शेड टाकलं. गावातल्या निम्म्या ट्रेलरांचे सांधे माझे आहेत आणि त्यातला एकही आजवर तुटलेला नाही. पण लवॉनसमोर मी काहीच नाही. ती म्हशीचं कातडं भिजवते, पिस्तुलावर ताणते, आणि बोटांनी दाबत बसते. तीन तास. मधे कोणी बोललं तर ऐकू येत नाही. वाळलं की पिस्तूल आत जाताना 'टप्' असा आवाज येतो, तिजोरीचं दार लागल्यासारखा. आतल्या बाजूला ती एक छोटं 'L' ठोकते. लोक पाहुण्यांना पट्टा उलटा करून ते दाखवतात.

तर फेब्रुवारीत बर्ल टॅकेटने स्वतःच्याच मांडीत गोळी घातली.

आमच्याकडे दर गुरुवारी सकाळी खडीच्या जुन्या खाणीत म्हातारे जमतात. पत्र्याच्या ताटल्या टांगायच्या, पिस्तुलाने नेम धरून पाडायच्या, हरला त्याने सगळ्यांना ॲपल पाय खिलवायचा. बर्ल गॅसचा टँकर चालवायचा, आता रिटायर. त्या दिवशी त्याने सहाच्या सहा ताटल्या पाडल्या, लोक ओरडले, तो त्यांच्याकडे बघून हसला आणि हसता हसता पिस्तूल म्यानात सारलं. बार झाला. गोळी मांडीच्या बाहेरच्या मांसातून आरपार गेली. हाड वाचलं. मी माझा पट्टा काढून त्याचा पाय आवळला, नाहीतर तो तिथेच गेला असता. डॉक्टरही तेच म्हणाले.

म्यान लवॉनचं होतं. आठ वर्षांपूर्वीचं.

आणि पिस्तुलाच्या पाठीमागे एक पट्टी होती. ती मी बसवली होती. ती अशी असते: बिजागरीवरची एवढीशी लोखंडी पट्टी. चाप ओढला जायला लागला की ती मागे उचलली जाते. म्यानात ठेवताना अंगठा तिच्यावर दाबून धरायचा. आत काही अडकून चाप सरकायला लागला तर पट्टी अंगठ्याला ढकलते, आणि दाबून धरलं असेल तर चाप पुढे जातच नाही. डोकेबाज वस्तू आहे. मी मागवली, माझ्या पिस्तुलाला बसवली, मग गावात नऊ जणांना बसवून दिली. बर्लला बसवली तेव्हा काय म्हणालो ते मला चांगलं आठवतं. "आता डोळे मिटून कोंब," म्हणालो.

दवाखान्यात बर्लने एकच गोष्ट धरून ठेवली. "पट्टी होती ना? व्हर्जिलने बसवलेली. मग चूक म्यानाची."

त्याची बायको नॅडीन ते म्यान पेपरच्या पिशवीत घालून लवॉनकडे घेऊन आली. डाग तसेच होते. म्हणाली, "मिस लवॉन, मी भांडायला नाही आले. पण लोक बोलतायत. तुम्हीच बघा."

लवॉनने पिशवी घेतली. नॅडीन गेल्यावर मला म्हणाली, "माझ्या कातड्याने चाप ओढला असेल, तर मी पुन्हा आरीला हात लावणार नाही."

"वेडी आहेस का? बर्लचा हात आंधळा आहे. त्याला गाडीसमोरचं स्वतःचं फाटक दिसत नाही."

"ते मला बघू दे."

"एकोणतीस वर्षं तू..."

"व्हर्जिल. बघू दे."

मग तिने जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून मी तिच्यासमोर खुर्चीत पाय पसरून बसत नाही.

तिने नॅडीनकडून बर्लचं पिस्तूल मागवून घेतलं. गोळ्या बिस्किटांच्या डब्यात घालून डबा पलीकडच्या खोलीत. पिस्तूल रिकामं आहे हे तिने पाहिलं, मला पाहायला लावलं, पुन्हा स्वतः पाहिलं. बर्लचाच पट्टा लावला, त्याचंच डागाळलेलं म्यान. आणि घालायला लागली. घालायची, काढायची, वरचा सरकता भाग मागे ओढून पिस्तूल पुन्हा ताणायची, पुन्हा घालायची. खिडकीत ऊन होतं तोवर. तीन दिवस. मी स्टुलावर बसून भिंतीवर खडूने रेघा मारत होतो.

अंगठा पट्टीवर ठेवून, हळू, शंभर वेळा. एकोणीस वेळा ती मधेच थांबली. "ढकललं," म्हणायची, आणि हात जिथल्या तिथे गोठायचा. मी वाकून बघायचो. म्यानाच्या तोंडाचं कातडं आठ वर्षांच्या घामाने नरम पडलं होतं, कानाच्या पाळीसारखं आत दुमडत होतं आणि चापावर जाऊन बसत होतं. एकोणीसच्या एकोणीस वेळा पट्टीने तिला सांगितलं.

मग बर्लसारखं. मूठ आवळून, अंगठा खाली वळवून, झटक्यात. तेराव्या वेळी 'टक्' झालं. कोरडा आवाज, पेन उघडावं तसा. लवॉनने डोळे मिटले. मला म्हणाली, "रेघ मार."

शंभरात सोळा वेळा टक् झालं. दर वेळी ती थोडा वेळ स्वतःच्या मांडीकडे बघायची आणि मग पुढचं.

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "झालं की! पट्टी बरोबर, बर्ल चूक. चल, मी गावभर सांगतो."

"आधी तुझं पिस्तूल रिकामं कर," ती म्हणाली. "गोळ्या डब्यात. आता दहा वेळा घाल."

मी घातलं. चाळीस वर्षं कमरेला बाळगतोय मी, झोपेत घालीन. दहा वेळा टप् टप्. "कसं?"

"अंगठा दहाही वेळा बरोबर."

"मग!"

"खाली किती वेळा बघितलंस?"

मी आता खाली बघितलं.

"एकदाही नाही. पट्टी बसवायच्या आधी तू दर वेळी बघायचास. शर्टाचं टोक बाजूला करायचास. बाबांनी शिकवलं होतं तसं. मी आठ महिने बघतेय, तू बघणं सोडलंस." तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता, तेच जास्त लागलं. "पट्टी चांगली आहे रे. पण तुझ्या डोळ्यांचं काम तू तिला देऊन टाकलंस. आणि बर्लने अंगठ्याचंही दिलं."

चौसष्ट वर्षांच्या माणसाला असं कोणी सांगत नाही. आणि सांगितलंच तर मी ऐकून घेत नाही. त्या दिवशी घेतलं.

गुरुवारी ती खाणीवर आली. यायच्या आदल्या दिवशी तिने बर्लचं म्यान मधोमध कापलं होतं. दोन्ही भाग हातात. बर्ल घडीच्या खुर्चीत, कुबडी मांडीवर आडवी. पंधरावीस जण होते.

"काय बर्ल, पिस्तूल कुठाय?" कोणीतरी विचारलं.

"लवॉनकडे. आणि घरातलं दुसरं नॅडीनने पिठाच्या पिंपात पुरलंय. काल केकमध्ये काडतूस निघालं."

हसले सगळे. लवॉन हसली नाही. तिने कापलेलं तोंड वर धरलं.

"हे माझं आहे. हे आत दुमडतं. बर्लच्या पायातली गोळी माझ्या कातड्याने सोडली."

माझ्या बहिणीचा आवाज बारीक आहे, पण खाणीच्या भिंतीवरून परत आला.

"नव्या म्यानाला काही होत नाही. पण जुनं झालं की कातडं नरम पडतं हे मला माहीत होतं. परत आणून दाखवा, असं मी कधी कोणाला सांगितलं नाही. तोंडात पोलादी कडी घालायला हवी होती, ती घातली नाही, कारण कडी घातली की म्यान दिसायला जाड दिसतं. मला सुंदर हवं होतं." तिने दोन्ही तुकडे एका हातात घेतले. "तुमच्याकडची माझी म्यानं वापरू नका. मी दुकान बंद करतेय."

मला वाटलं बर्ल आता 'बघा, मी सांगत होतो' म्हणणार. तो कुबडी टेकून उठला.

"लवॉन, माझा अंगठा पट्टीवर नव्हता."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे? मग सांगितलं का नाहीस?"

"ते सांगायचं तुझं होतं."

आता सगळे बर्लकडे बघायला लागले. मी उठलो. कोणी बोलावलं नव्हतं. "त्याला अंगठ्याचं मी सांगितलंच नव्हतं," म्हणालो. "डोळे मिटून कोंब म्हणालो होतो. नऊच्या नऊ जणांना तेच म्हणालोय. ज्यांच्या ज्यांच्या पिस्तुलाला माझी पट्टी आहे त्यांनी ऐका: काढताना घाई करावी लागेल कधी, पण ठेवताना कुठली गाडी सुटतेय? बघा, अंगठा ठेवा, हळू घाला. ढकललं तर थांबा. जोर लावू नका."

"व्हर्जिल चुकलो म्हणतोय!" मागून कोणीतरी म्हणालं. "तारीख लिहून ठेवा रे."

मी ऐकून घेतलं. लवॉन माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत काय होतं ते मी सांगणार नाही, ते माझं आहे. मग तिने कापलेले तुकडे गाडीत टाकले आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी तिच्याकडे गेलो. अवजारं खोक्यात भरायला मदत करावी म्हणून. गाडी लावली आणि उतरलोच नाही. तिच्या कुंपणाच्या तारेवर म्यानं टांगलेली होती. काळी, तपकिरी, पट्ट्यांसकट, एकेकावर चिकटपट्टीवर नाव. फाटकापासून पार टपालाच्या डब्यापर्यंत. मी मोजली, एक्केचाळीस. फाटकाच्या खांबावर नुसता कागद होता, दोरीने बांधलेला: 'बर्ल टॅकेट. माझं तुझ्याकडेच आहे. या वेळी जाड चालेल.'

लवॉन पायरीवर उभी होती, हातात कॉफीचा मग, वाफ गेलेला. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक.

"हे तू सांगितलंस त्यांना?"

"शपथ, नाही. मी सांगितलं असतं तर पन्नास असती."

ती कुंपणापर्यंत गेली. एकेका म्यानाच्या तोंडात बोट घालून दाबत गेली. सातवं दुमडलं, ते काढून खांद्यावर टाकलं. अकरावं दुमडलं. डब्यापर्यंत जाऊन परत आली तेव्हा खांद्यावर नऊ होती.

"तुझ्या शेडमध्ये स्प्रिंगचं पोलाद आहे?"

"आहे. हवं तेवढं."

"पातळ काप. बोटाच्या नखाएवढी रुंद पट्टी, तोंडातल्या कडीसाठी." मग दाराकडे वळता वळता थांबली. "आणि ते कमरेचं काढून पुन्हा घाल. मला बघू दे."

मी मोकळ्या माळाकडे तोंड केलं, पिस्तूल काढलं, रिकामं केलं, तिला दाखवलं. शर्टाचं टोक बाजूला केलं. अंगठा पट्टीवर. खाली बघितलं. आणि इतकं हळू घातलं, की टप् व्हायच्या आधी ती आत जाऊन आरी शोधायला लागली होती.