नऊ नंबरचं नाव

“मला चाल बघून कळतं,” असं म्हणून तो डावा डोळा बारीक करायचा आणि समोरच्या माणसाकडे बाजारात आणलेल्या खोंडाकडे पाहावं तसं पाहायचा. बँकेत नवा साहेब आला की याचा डोळा बारीक. शेजारच्या घरात सून आली की पुन्हा बारीक. निकाल हमखास चुकायचा. चुकला की म्हणायचा, “त्या दिशी उजेड नीट नव्हता, राव.”

अशी माणसं तुमच्याही गावात असतील. नसतील तर तुम्ही नशीबवान आहात. माझ्या नशिबी तो रोज होता, कारण पेठला पुणे-नाशिक रस्त्याच्या एका बाजूला माझं पशुखाद्याचं दुकान आणि बरोबर समोर त्याचं झेरॉक्सचं. लोक झेरॉक्सला कागद आणायचे, तो ते आधी वाचून काढायचा. वाचून झालं की सल्ला द्यायचा. शेवटी उरलं तर झेरॉक्स काढायचा, आणि तीही एका बाजूने काळी.

बैलगाडा शर्यतींवर बंदी होती त्या काळातली ही गोष्ट. शर्यतीच्या घाटांत गवत माजलं होतं आणि रविवार खायला उठायचा. तेव्हा खोडदच्या आमच्या एका दोस्ताने फुटबॉलचा खेळ आणला, कॉम्प्युटरवरचा. आमच्यापैकी कुणी जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता. पण या खेळात पाय लावावाच लागत नाही. आपण फक्त खेळाडू निवडायचे, कुणाला कुठे उभं करायचं ते सांगायचं. सामना कॉम्प्युटर आपला आपण खेळतो आणि निकाल सांगून मोकळा होतो. आम्ही आठ जण आठ संघांचे मालक झालो. कॉम्प्युटर त्याच्या दुकानातला, म्हणून अध्यक्ष तो. निवडणूक वगैरे झाली नाही. त्यानेच जाहीर केलं.

आमच्या तीन-चार महिन्यांत त्या खेळातलं एक वर्ष सरायचं. वर्ष सरलं की कॉम्प्युटर नवी कोवळी पोरं तयार करायचा, आणि ती आम्ही पाळीपाळीने एकेक करून आपापल्या संघात घ्यायची. याला आम्ही भरती म्हणायचो. तळाला राहिलेल्याला पहिली निवड, जिंकलेल्याला सगळ्यात शेवटची. पोरांची मूळ नावं परदेशी, आमच्या जिभेवर बसेनात. म्हणून एक रीत पडली. जो तळाला राहील त्याने सगळ्या भरतीला आपल्याकडच्या माणसांची नावं द्यायची. हरलेल्याला तेवढीच मजा. खोडदवाला तळाला गेला त्या वर्षी तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवरचे निम्मे वॉचमन आमच्या संघांतून खेळले.

मग एका वर्षी अध्यक्ष महाराज तळाला गेले.

इथे त्याच्या भावाबद्दल सांगायला हवं. बबन हा त्याचा थोरला भाऊ. महाळुंगे पडवळला शेती करायचा. दोघांचा मिळून शर्यतीचा एक बैल होता, पाखऱ्या. मिळून म्हणजे कसा, तर वैरणपाणी, मालिश, रानात पळवून आणणं, सगळं बबनकडे. हा शर्यतीच्या दिवशी फेटा बांधून यायचा आणि बैलाच्या शिंगाला हात लावून फोटो काढून घ्यायचा. बंदी आली. दोन वर्षं वाट पाहून बबनने बैल विकला. याला विचारलं नाही. त्या दिवसापासून याने भावाशी बोलणं टाकलं. “पाठीत सुरी खुपसली,” असं तो रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून सांगायचा. त्या बैलाला आयुष्यात एक पेंढी यानं घातली नव्हती. मी पशुखाद्य विकतो, मला ठाऊक आहे.

तर नावं द्यायची पाळी आली. कॉम्प्युटर प्रत्येक पोराला गुण देतो, त्यात जो सगळ्यात वर होता त्याचं नाव याने ठेवलं पाखऱ्या. पहिली निवड याचीच, त्यामुळे पाखऱ्या त्याने लगेच आपल्या संघात ओढला. मग सगळ्यात खाली गेला. तिथे एक काटकुळं पोरगं होतं, गुणांच्या नावाने बोंब. त्याला त्याने नाव दिलं, बबन. आणि आमच्याकडे पाहून दात काढले.

“घ्या कुनीतरी,” म्हणाला. “चाल बघितली मी. बांधाला उभं करायच्या लायकीचं.”

कॉम्प्युटरवर खेळाडू म्हणजे एक ठिपका असतो. त्याची चाल या गृहस्थाने कुठे पाहिली देव जाणे. पण सख्ख्या थोरल्या भावाला तळाशी नेऊन बसवायला आणि ते सात जणांना दाखवायला त्याला गंमत वाटली. मला त्या दिवशी त्याची शिसारी आली, आणि ती मी लपवली नाही. मी आदल्या वर्षीचा विजेता, त्यामुळे शेवटची निवड माझी. सगळ्यांनी सोडलेला बबन माझ्याकडे आला. मी त्याला नऊ नंबरचा शर्ट दिला.

पुढे काय झालं असेल हे तुम्ही ओळखलंच असेल. पाखऱ्या पहिल्याच हंगामात गुडघा मोडून बसला तो कधी धड पळाला नाही. आणि बबन दुसऱ्या हंगामापासून जो सुटला, तो थांबेना. डाव्या पायाने गोल, उजव्याने गोल, डोक्याने गोल. आमच्या लीगमध्ये तसा खेळाडू आधी झाला नाही, नंतरही नाही.

आता खरी गंमत. दर रविवारी निकाल आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिण्याचं काम अध्यक्षांचं. कुणी गोल केले ते नावानिशी लिहायचं. हा सगळ्यांची नावं लिहायचा आणि माझ्या संघाशी आला की लिहायचा, “नऊ नंबर – दोन गोल.” एकदा नाही, दोनदा नाही, प्रत्येक रविवारी. वर्षाच्या शेवटी तो जुन्या भरत्यांचा आढावाही लिहायचा, आपण किती दूरदृष्टीचे होतो हे पटवायला. त्या भरतीच्या आढाव्यात पाखऱ्याच्या गुडघ्यावर आठ ओळी होत्या. शेवटी एक ओळ होती: “नऊ नंबर – बरा.”

खरा बबन दर आठवड्याला पेंड न्यायला माझ्याकडे यायचा. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आपल्या नावाचा गडी लीग गाजवतोय हे कळल्यापासून दुकानात पाऊल टाकायच्या आधी विचारायचा, “काय पावनं, ह्या रइवारी किती मारले मी?” मी आकडा सांगितला की मांडीवर थाप मारून हसायचा. मग पोत्यावर बसून रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे बघत राहायचा. आत याची पाठ दिसायची. बबन आला की याचं मशीन बरोबर तेव्हाच बिघडायचं आणि हा पाठ फिरवून त्यात तोंड घालायचा.

आढाव्याची ओळ मी बबनला फोनवर दाखवली.

“बरा म्हनलाय?” त्याचा चेहरा उजळला. “आरं, लई झालं की. आमचा बापूस पन कुनाला बरा म्हनत नव्हता.” मग म्हणाला, “नाव तेवढं लिव्ह म्हनावं. येकदा. मला दावा मंग.”

मी रस्ता ओलांडून निरोप दिला. “बबन विचारतोय, नाव का लिहीत नाहीस?”

तो मशीनमधून मान वर न काढता म्हणाला, “कोन बबन?”

ज्याने लहानपणी याला खांद्यावर बसवून शर्यती दाखवल्या, त्याच्याबद्दल हा प्रश्न. मी बबनला येऊन सांगितलं की दुकानात गर्दी होती, बोलणं झालं नाही. बबनला समोरचं रिकामं दुकान दिसत होतं. तो बरं म्हणाला आणि पेंड घेऊन गेला.

बंदी उठली, घाट पुन्हा भरले. मला वाटलं आता तरी याचा राग उतरेल. उलट वाढला. “बैल असता तर,” एवढंच चालू. बबन मात्र पेंडीला येत राहिला, गोल विचारत राहिला, आणि नाव लिहून आलं का हेही हळूच विचारत राहिला. आलं नव्हतं.

एका सकाळी गोठ्यात शेण काढता काढता बबन खाली बसला, तो पुन्हा उठला नाही.

अंत्यविधीला हा आला. येऊन उभा राहिला कुठे, तर मागे, आम्हा पेठच्या लोकांत, हात बांधून. बबनची बायको ओट्यावरून म्हणाली, “भाऊजी, खांदा तरी द्या.” तेव्हा पुढे झाला. वेशीपर्यंत गेला असेल नसेल, तिरडी दुसऱ्याच्या खांद्यावर देऊन बाजूला झाला. डोळ्यात पाणी नाही, काही नाही. गावातले लोक त्याच्याकडे बघत होते, आणि मी तर उघड उघड तोंड फिरवून उभा राहिलो.

दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोक्याचं मुंडण, अंगात चुरगळलेला शर्ट.

“तुझा नऊ नंबर मला दे,” म्हणाला. “माझे कुठलेबी तिघं घे. चौघं घे.”

त्या खेळातला बबन एव्हाना म्हातारा झाला होता. पळणं कमी, गोल तर बंदच. त्याच्या बदल्यात चार तगडी पोरं म्हणजे लुटालूट. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

“नाव घे,” मी म्हणालो. “कोण पाहिजे ते नाव घेऊन सांग, मग देतो.”

तो उभा राहिला. पेंडीच्या पोत्याकडे बघितलं, जिथे बबन बसायचा. तिथे बबन बसतो हे याला माहीत होतं. म्हणजे मशीनमध्ये तोंड घालून हा सगळं बघत होता तर.

“माझा दादा दे,” तो म्हणाला. “माझा दादा मला दे.”

मी दिला. बदल्यात कुणी घेतलं नाही. पण कुणी असं समजू नये की मला त्याची दया आली. मला त्याला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. दादा रस्त्यापलीकडे बसलेला असताना वीस पावलं चालवली नाहीत, आणि आता ठिपका मागायला आला. त्या रविवारच्या निकालात त्याने पहिल्यांदा पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. गोल शून्य होते, तरी लिहिलं. दाखवायला कुणी नव्हतं.

मग वर्ष संपलं. वर्ष संपलं की कॉम्प्युटर म्हाताऱ्या खेळाडूंना निवृत्त करतो, आणि त्याआधी प्रत्येकाच्या नावापुढे मालकाला विचारतो, करू का? हो म्हटलं की तो खेळाडू कायमचा पुसला जातो. आणि हो म्हटल्याशिवाय नवं वर्ष सुरू होत नाही, नवी भरती येत नाही.

याने बटण दाबलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. ग्रुपवर सातही जणांनी शिव्या घातल्या. सगळ्यात जास्त मी घातल्या. “उद्या दाबतो,” एवढंच उत्तर.

पुढे त्याच्या मुलीने त्याला चाकणला नेलं. दुकान रिकामं केलं, मशीन भंगारात गेलं. कॉम्प्युटर मात्र याने टेंपोत टाकू दिला नाही, मांडीवर घेऊन पुढे बसला. मी काचेशी जाऊन म्हणालो, “आता तरी दाब की. आमची लीग घेऊन चाललास.”

“तिकडं गेल्याव दाबतो, राव,” म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याने दाबलेलं नाही, दाबणारही नाही. ढोंगी माणूस, जिवंत भावाशी वाईट वागला आणि मेलेल्यासाठी आठ जणांचा खेळ बुडवला. असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो. नवी लीग काढू, असं मात्र आमच्यातलं कुणी अजून म्हणालेलं नाही. मीही नाही.

परवा बबनची बायको पेंड न्यायला आली. पैसे देऊन झाले तरी उभीच. मग पदर सावरत, खाली बघत विचारलं, “त्ये अजून हायेत का वो त्या खेळात?”

“आहेत,” मी म्हणालो, आणि पोतं उचलून तिच्या रिक्षात ठेवलं.