कन्सोलचा इसार

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे मी न लाजता सांगते. दुसरी गोष्टही न लाजताच सांगते: मला गेम खेळायला आवडतं. ही आवड यवतमाळच्या होस्टेलात लागली. माझ्या खोलीत राजूरची एक मैत्रीण होती, तिच्याकडे जुना लॅपटॉप. एकाच कीबोर्डच्या दोन टोकांना बोटं अडकवून आम्ही फुटबॉल खेळायचो आणि भांडायचो. पदवी झाली, ती राजूरला गेली, मी दिग्रसला आले. तिनं घरी पीसी जोडून घेतला. मला नोकरी लागली की मीही पीसी घ्यायचा आणि दोघींनी ऑनलाइन खेळायचं, हे ठरलेलं होतं.

यंदा नोकरी लागली. बाबा जिनिंगमध्ये कापूस खरेदीला असतात, दर-भावाचं बोलणं त्यांना लगेच कळतं. म्हणून जेवताना मी त्यांना सगळं समजावलं. कन्सोल म्हणजे तयार डबा, टीव्हीला जोडला की सुरू. घेताना स्वस्त, पण त्याचे नवे गेम महाग, वर ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक गेमना महिन्याचे वेगळे पैसे. पीसीचं उलटं. एकटं चांगलं ग्राफिक्स कार्डच कन्सोलच्या किमतीला भिडतं, पण गेम सेलमध्ये चहा-नाश्त्याच्या भावात मिळतात, आणि एखादा भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो.

"घेताना स्वस्त कोणतं मनली?" बाबांनी विचारलं.

"कन्सोल. पण पुढं..."

"बरं," म्हणून ते हात धुवायला उठले. मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली: आमचा तो गेम पीसीवाल्यांना फक्त पीसीवाल्यांशीच खेळू देतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा पेढे घेऊन आले.

"सौदा पक्का करून आलो. इसार देल्ला."

"कशाचा?"

"तुह्या त्या डब्याचा. इसार माहा, बाकीचे पैसे तुह्ये."

"बाबा, मले पीसी पाहिजे होता!"

"मंग कालच सांगाचं होतं नं माय."

"इसार परत नाही मागता येत?"

आईचा पोळी लाटणारा हात थांबला. मी चपला घालून स्वयंपाकघरात शिरले असते तरी तिनं असं पाहिलं नसतं. बाबांच्या बाजारात इसाराच्या दोन नोटा हातावर ठेवल्या की कापसाची गाडी त्या ठेवणाऱ्याची झाली, मग भाव चढो की पडो. इसार परत मागणाऱ्याशी दुसऱ्या दिवशी कोणी चहाही पीत नाही.

"मी मागून आणू का?"

"तुले कोणी काही मननार नाही, तू ग्रॅज्युएट आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "मले मनतीन."

मग काय, मी पेढा खाल्ला. बाहेर जाऊन राजूरला फोन लावला.

"कायले शिकली वं तू इतकी?" मैत्रीण तापलीच. "बापाले एक डबा समजावता आला नाही! आता मी कोनासंग खेळू? कॉम्प्युटरसंग?"

होस्टेल सुटल्यापासून आमच्यात बोलण्यासारखं फक्त खेळाचंच उरलं होतं, आणि तेही जाणार असं दोघींनाही वाटून गेलं असावं. मग तिनंच विचारलं, "त्या डब्यावर दोघी खेळू शकतो का?"

"एकाच टीव्हीवर, शेजारी बसून. पण तुले इथं यावं लागीन."

"मंग येतो नं!" आमच्याकडे पोरीही 'येतो'च म्हणतात.

डबा घरी आला, आणि ती आली की! वणी, यवतमाळ अशा बस बदलत, पिशवीत स्वतःच्या पैशानं घेतलेला, हातात धरून खेळायचा दुसरा कंट्रोलर घेऊन. दाराशीच म्हणाली, "पीसी घेतला असता तर तिकिटाचे पैसे वाचले असते माह्ये." दुपारभर आम्ही खेळलो. ती तशीच खेळते, हरायला लागली की कोपर मारते. ऑनलाइन हे कोपर कुठून आलं असतं? आई मालिकेच्या वेळेला समोर येऊन उभी राहिली.

"करा तो बंद."

"काकू, एक गोल!"

"तुह्या एका गोलात तिकडं सुनेनं घर सोडलं," आई म्हणाली, आणि आमच्यातच बसली. पाचच मिनिटांत ती ओरडत होती, "अवं मार नं, गोलकीपर झोपला वाट्टे!"

दुसऱ्या दिवशी निघताना मैत्रिणीनं आपला कंट्रोलर पिशवीत टाकला, परत काढला आणि बाबांच्या हातावर ठेवला.

"काकाजी, हा इसार. पुढच्या महिन्यात येतो."

बाबांनी तो कपाटात, आईच्या ठेवणीतल्या साडीवर ठेवला. परवा माझ्या कंट्रोलरची चार्जिंग संपली म्हणून मी कपाट उघडलं, तर मागून बाबांचा आवाज आला:

"ठेव तो. इसाराले हात नाही लावत."