फ्लॉपीतल्या कविता

संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायची पद्धत आमच्या शाळेत मीच पाडली. धुळीचं निमित्त होतं. खरं तर माझी त्या यंत्रावर श्रद्धा होती.

काल सातवीला संगणकाचा इतिहास शिकवताना कपाटातली जुनी फ्लॉपी दाखवायला नेली. काळी, चौकोनी, वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ‘मुलांच्या कविता’. ती बाकाबाकांवरून फिरली.

“बाई, यातली एक कविता दाखवा ना,” सानिका म्हणाली.

“ती उघडणारं यंत्र आता आपल्याकडे नाही गं.”

“मग मुलांनी लिहिलेले कागद?”

ते मी रद्दीत घातले होते. कागद फाटतो, फ्लॉपीतलं कायम राहतं, असं आम्हाला प्रशिक्षणात छातीठोकपणे सांगितलं होतं. मीही तेव्हाच्या वर्गात तसंच सांगितलं. मी फसले म्हणावं, तर माझ्या शब्दावर सगळा वर्ग फसला. त्या कवितांमधली एक ओळही मला आठवत नाही.

तास संपला. मुलं दाराबाहेर आपापल्या चपला शोधू लागली.

“उद्यापासून चपला घालूनच आत या,” मी म्हणाले.

“आणि धूळ, बाई?” सानिकाने विचारलं.

“बसू दे.”