लाल कार्ड वर गेल्यावर

बेशेन बाइकेंना बोलता येत नसे. आमच्या वक्तृत्व क्लबात येणाऱ्या बहुतेकांना येत नाही, म्हणून तर येतात. पण त्यांची गत निराळी होती. एकदा उभे राहिले की मुद्द्याभोवती घिरट्या घालत राहायचे आणि मुद्दा आपला बाजूला तसाच. शेवटी वेळ संपल्याचं लाल कार्ड वर जायचं. "बरं, बरं," म्हणत ते टोपी सारखी करून खाली बसायचे. त्यांना नेमकं काय सांगायचं होतं ते कुणालाच कळलेलं नसे.

बाइके म्हणजे थोरला भाऊ. क्लबात सगळे त्यांना तसंच म्हणत. ते मात्र मला 'बाई' म्हणायचे, शाळेतल्या पोरासारखे. मी सारा जन्म शाळेत पोरांच्या चुका काढल्या आणि दर गुरुवारी संध्याकाळी इथे मोठ्यांच्या काढते. माझ्यापुढे एक काचेचा पेला असतो आणि हातात चमचा. बोलणारा 'अं' म्हणाला किंवा उगाच 'म्हणजे' म्हणाला की पेल्यावर टिंग करायचं, हे माझं काम. बेशेन बाइके बोलायला लागले की माझा हात दुखायचा.

बिश्केकच्या रस्त्यांवर त्यांनी ट्रॉलीबस चालवली, निवृत्त होईपर्यंत. डोक्यामागे 'ड्रायव्हरशी बोलू नये' अशी पाटी लावून ज्याची हयात गेली, त्याला बोलणं कुठून येणार? दिवसभर तोंडातून निघायचं ते एवढंच: पुढचा थांबा अमुक, सांभाळा, दारं बंद होताहेत. आता त्या ट्रॉलीबसही गेल्या आणि वरच्या ताराही निघाल्या. अजून रस्त्याने चालताना बाइके मधूनच मान वर करून बघतात.

ते क्लबात का आले, हे त्यांनी एकदा चहाच्या वेळी मला सांगितलं होतं. बायको वारली तेव्हा मुलगा, उलान, दूर रशियात नोवोसिबिर्स्कच्या एका गोदामात कामाला होता. बाइकेंनी फोन लावला आणि म्हणाले, "उलान, आई गेली. उद्या माती." आणि फोन ठेवला.

आमच्याकडे मरणाची बातमी अशी देत नाहीत. ज्याचं माणूस गेलं त्याला आधी बसवतात, आजूबाजूला जाणती माणसं बसतात. मग त्यांतला एकजण दुसरंच काहीतरी बोलायला लागतो, ससाण्याबद्दल, पडलेल्या झाडाबद्दल, आटलेल्या झऱ्याबद्दल. बोलता बोलता तो जवळ येत जातो. ऐकणाऱ्याला आपलं आपणच कळतं, आणि कळतं तेव्हा धरायला हात जवळ असतात. उलानजवळ गोदामात खोक्यांखेरीज कुणी नव्हतं. तो आला, आईला माती दिली आणि निघताना बापाला म्हणाला, "बसमधल्या परक्या माणसाला तुम्ही याहून नीट सांगत होता." त्यानंतर त्याचा फोन नाही.

"तेवढंच शिकायचंय, बाई," बाइके म्हणाले होते. "सांगायचं कसं, ते."

आणि आम्ही त्यांना शिकवत काय होतो? आमचा अध्यक्ष इल्गिझ, घट्ट कोट घालणारा हुशार मुलगा, दर वेळी एकच सांगायचा: "बाइके, मुद्दा पहिल्या वाक्यात! लोकांना वेळ नाही." बाइके मान डोलवायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा पाल्हाळ लावायचे.

नोव्हेंबरातली ती संध्याकाळ. कोळशाच्या धुराने शहर काळवंडलं होतं, वाचनालयाच्या वरच्या खोलीतही घशात खवखव होत होती. दाराशी टोपली ठेवलेली. आत येताना फोन आवाज बंद करून टोपलीत टाकायचा, चहाची सुट्टी झाली की परत घ्यायचा, हा क्लबाचा नियम. वेळ बघायला नाझिक होती. औषधांच्या दुकानात काम करणारी, कोचकोरकडची पोर, क्लबातली सगळ्यांत हसरी. वेळ सरेल तशी वर करायची हिरवं, पिवळं, लाल अशी तिन्ही कार्डं मांडीवर घेऊन ती बसली होती.

मी पेल्यात पाणी भरायला बाहेर गेले तर जिन्यावर बेशेन बाइके. कठडा धरून उभे. चेहरा राखेसारखा.

"काय झालं, बाइके? धाप लागली का?"

"नाझिक आत आहे?"

"आहे की. कार्डं घेऊन बसलीय."

"तिचा बाप गेला, बाई."

हातातला पेला मी पायरीवर टेकवला.

"तिच्या चुलत्याचा फोन आला," ते हळू आवाजात म्हणाले. "ती फोन उचलत नाही म्हणून मला केला. आमचं गाव एकच ना. इथे तिचं म्हणावं असं थोरलं माणूस मीच. गाडी पाठवलीय, येईलच खाली. म्हणाला, पोरीला नीट सांग आणि घेऊन ये."

"मग बोलावते तिला बाहेर. इथेच सांगा."

"इथे?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. "जिन्यात? उभ्याने? एकदा केलंय मी तसं, बाई."

"मग इल्गिझला सांगते, सभा थांबवतो."

"नको. तिच्या आधी दहा जणांना कळायला नको. तुम्हाला सांगितलं ते पुरे. तुम्ही तिच्याशेजारी बसा. आज माझं भाषण आहे ना?"

होतं. चहाच्या आधी शेवटचं. सुट्टी झाली की नाझिक टोपलीतून फोन घेणार, आणि त्यात काय काय येऊन पडलं असेल देव जाणे. तिला कळायचं तर त्याआधी कळायला हवं होतं.

मी आत जाऊन पेला-चमचा घेऊन नाझिकशेजारी बसले.

"एजे, आज माझ्यावर नजर का?" ती कुजबुजली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं पोरं मला 'एजे' म्हणतात. "मी झोपत नाहीये हं."

"माझ्या खुर्चीत वारा लागतो," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय नाही, आवाज चिरकला.

तिच्या पलीकडे एक धिप्पाड शिंपीणबाई बसली होती. म्हटलं, बरं झालं, दोन बाजूंना दोघी. टोपलीत कुणाचा तरी फोन थरथरत होता. थांबायचा आणि पुन्हा थरथरायचा. इल्गिझने वैतागून टोपलीवर आपला मफलर टाकला.

बाइकेंचं नाव पुकारलं गेलं. ते पुढे जाऊन उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"मित्रहो, आज मी एका उतारूबद्दल बोलणार आहे."

इल्गिझने खूश होऊन अंगठा वर केला. मुद्दा पहिल्या वाक्यात आला होता ना!

"दरवर्षी बटाटे निघाले की तो माझ्या गाडीत चढायचा. खांद्यावर पोतं. जागा रिकामी असली तरी बसायचा नाही. म्हणायचा, माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतो, शहरातल्या लोकांना कशाला त्रास... अं... म्हणजे... उभाच राहायचा."

मी चमचा वाजवला नाही. नाझिकने माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि हिरवं कार्ड वर केलं.

"मी त्याच्याशी कधी बोललो नाही. पाटी होती ना डोक्यामागे."

लोक हसले. नाझिकही हसली.

"एकदा उतरताना त्याने माझ्यापुढे कुरुटच्या दोन गोळ्या ठेवल्या. म्हणाला, मुलीसाठी नेतोय, दोन तुला. खिशातल्या खिशात राहून त्या वाळक्या दह्याला तंबाखूचा वास लागला होता. तरी मी खाल्ल्या."

नाझिकचा हात पिवळ्या कार्डाकडे जाता जाता थांबला. क्लबातल्या तिच्या पहिल्या भाषणात तिने हेच सांगितलं होतं: माझे बाबा कोटाच्या खिशातून कुरुट आणतात, तंबाखूचा वास येतो, तरी मला तेच आवडतं. ती बाइकेंकडे बघत राहिली. मग सवयीने पिवळं कार्ड वर गेलं.

"यंदा तो पुन्हा चढला," बाइके म्हणाले. यंदा कुठली गाडी, हे कुणी विचारलं नाही. आवाज घोगरा झाला होता, पण 'अं' आता कुठे नव्हता. "गाडी रिकामी होत गेली. शेवटी तो आणि मी. मध्येच म्हणाला, ड्रायव्हर, थांबव, मी इथे उतरतो. मी म्हटलं, अहो, तुमचा थांबा आला नाही अजून, मुलीचं घर पुढे आहे. तर म्हणाला, माझा आला. पोतं तेवढं पोचव तिला. मी म्हटलं, थांबा जरा. तुमची वाट बघत असेल ती..."

वेळ संपली होती. नाझिकने लाल कार्ड उचललं. तिला काय होतंय हे अजून तिलाही कळत नसावं. हात आपलं काम करत होता. बाइके लाल कार्डाला नेहमी मान देत. आज त्यांनी त्याकडे सरळ बघितलं आणि बोलत राहिले.

"...मी दार उघडायला तयार नव्हतो, पोरी. खूप वेळ दाबून धरलं."

आणि टाळ्या सुरू झाल्या. लाल कार्डानंतरही जो थांबत नाही त्याला टाळ्या वाजवून खाली बसवायचं, हा क्लबाचा नियम. इल्गिझने सुरुवात केली आणि सगळ्यांनी साथ धरली, हसत, मायेने, आपले पाल्हाळी बाइके म्हणून. मी पेल्यावर चमचा आपटत सुटले, थांबा, थांबा. लोकांना वाटलं मीही थट्टेत सामील आहे. पेला तडकला. नाझिक उभी राहिली होती. लाल कार्ड डोक्याच्या वर तसंच, तोंड उघडं, आणि त्या टाळ्यांत तिचा आवाज कुणाला ऐकूच येत नव्हता. फक्त ओठ दिसत होते. बाबा. बाबा.

पुढच्या रांगेला दिसलं तसे त्यांचे हात थांबले. मागच्या कोपऱ्यातला एकजण मात्र बराच वेळ एकटाच वाजवत राहिला.

बाइके चालत तिच्यापाशी आले. "मन घट्ट कर, पोरी."

"कधी?"

"दुपारी. मेंढरं कोंडून घरी आला. दारात बसून बूट काढत होता. एक काढला."

मग तिचा जो हंबरडा फुटला, तो मी ऐकवणार नाही. शिंपीणबाईने आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं; ती पडली नाही, एवढंच सांगते.

टोपलीतून तिचा फोन मीच काढून घेतला. चुलत्याच्या हुकलेल्या फोनांच्या खाली कुणा भावंडाचा निरोप आला होता, दोनच शब्दांचा. मी तो अंगठ्याने झाकून फोन तिच्यापुढे धरला. तिने बघितलंही नाही. "ठेवा पिशवीत, एजे," म्हणाली. "मला बाइकेंनी सांगितलंय."

इल्गिझ भिंतीला टेकून उभा होता. "एजे, मी टाळ्या... मला काय माहीत..."

"नियमच आहे तो," मी म्हटलं. तोडूनच म्हटलं. त्याची काही चूक नव्हती आणि तरीही मला तो त्या क्षणी डोळ्यांपुढे नको होता.

खाली गाडी उभी होती. धुरात दिव्यांचे नुसते पिवळे डाग दिसत होते. नाझिकला मागे बसवलं, अंगावर माझी शाल घातली. लाल कार्ड अजून तिच्या मुठीत होतं. बाइके पुढचं दार धरून जरा रेंगाळले.

"बाई, कळलं का सगळ्यांना, मी काय बोललो ते?"

"कळलं, बाइके."

"लांबलं पण."

"लांबायलाच हवं होतं."

त्यांनी मान डोलवली, इल्गिझपुढे डोलवायचे तशीच. मग टोपी काढून हातात घेतली आणि गाडीत वाकून बसता बसता म्हणाले, "उलानला मी चालत्या गाडीतून खाली ढकललं, बाई."

दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं, आणि नीट लागलं ना ते एकदा ओढून पाहिलं.